परसातील चुलाण आणि बंब : निगा व देखभाल

पनवेल तालुक्यात पळस्पे फाट्यापासून कर्नाळ्याकडे जाणाऱ्या महामार्गाच्या दोन्ही अंगांना असलेल्या गावांत स्वयंपाकाचा गॅस पोहोचून बराच काळ लोटला. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तर उरल्यासुरल्या घरांतही सिलिंडर आला. असे असूनही भल्या पहाटे या गावांतून जाताना घरांच्या मागे धूर दिसतोच. स्वयंपाक गॅसवर होतो, पण आंघोळीचे पाणी तापते ते परसातल्या चुलाणावर किंवा बंबात. गुरांचे आंबोण, दुधाच्या किटल्या धुण्याचे पाणी आणि लग्नकार्याचा भातही तेथेच होतो. गॅस महाग, तर लाकूडफाटा फुकट, असा त्यामागचा विचार असतो.

लाकूड फुकट असते असे म्हणणे बरोबर नाही. ते तोडणे, वाहून आणणे, फोडणे, वाळवणे आणि साठवणे यात घरातील कोणाचे तरी, बहुधा बाईमाणसाचे, दिवस जातात. म्हणून चुलाणात किती लाकूड जळते आणि त्यातले किती व्यर्थ जाते, हे एकदा तरी कागदावर मांडून पाहावे.

इंधनाचा हिशोब

पाच माणसांच्या घरात रोज ८० लिटर पाणी २५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापवायचे आहे, असे धरू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे ८० गुणिले ३५, एकूण २,८०० किलोकॅलरी झाली. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडापासून साधारण ३,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. सर्व उष्णता पाण्यात गेली असती तर पाऊण किलोपेक्षा थोडे जास्त लाकूड पुरले असते. प्रत्यक्षात उघड्यावर तीन दगड मांडून केलेल्या चुलीत दहा टक्क्यांच्या आसपासच उष्णता भांड्याला लागते, म्हणजे ८ किलो लाकूड जाते. जाळी, झरोका व धुराडे असलेल्या नीट बांधलेल्या चुलाणात हेच प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत जाते आणि ४ किलोत काम होते. फरक रोज ४ किलोंचा आहे. उन्हाळ्यात पाणी कमी तापवतो म्हणून वर्षाचा चौथा हिस्सा वजा केला, तरी सुमारे ११ क्विंटल लाकूड होते. चोवीस किलोची एक मोळी धरल्यास पंचेचाळीस मोळ्या झाल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वीस टक्के देणारे चुलाण बांधले म्हणजे ते कायम वीस टक्केच देईल असे नाही. जाळी राखेने बुजली, भिंतीला भेगा पडल्या, धुराड्यात काजळी साचली की तेच चुलाण हळूहळू तीन दगडांच्या चुलीकडे घसरते. हे इतके सावकाश होते की घरच्यांच्या लक्षातही येत नाही. रोज एखादे लाकूड जास्त घातले जाते, एवढेच.

याचा मोठा अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. १९८० च्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रातही खेडोपाडी निर्धूर चुली बसवल्या गेल्या. २००२ मध्ये तो कार्यक्रम थांबला, तोवर बसवलेल्या चुलींपैकी कितीतरी मोडल्या होत्या किंवा वापरातून गेल्या होत्या. कारणे अनेक होती. चुली बसवताना घाई झाली होती आणि घरच्या बाईला विचारलेही नव्हते. पण त्यातले एक कारण अगदी साधे होते. धुराडे साफ करायचे असते हे सांगितले गेले नाही, किंवा सांगूनही केले गेले नाही. धुराडे तुंबले, धूर घरात परतला आणि मग लोकांनी नळच काढून टाकला. चूल वाईट नव्हती, तिची निगा राखली गेली नाही.

चुलाणाचे भाग

निगा राखण्यापूर्वी कोणता भाग काय काम करतो हे समजून घ्यावे. खाली राखेचा कप्पा, त्यावर लोखंडी जाळी, जाळीवर जळण, त्यावर हंडा किंवा तपेले आणि मागच्या बाजूस धुराडे, अशी बांधीव चुलाणाची साधी रचना असते. हवा राखेच्या कप्प्याच्या तोंडातून आत शिरते, जाळीतून वर चढते व जळणाला मिळते. ज्वाळा हंड्याच्या बुडाला लागून त्याच्या कडेने फिरते आणि उरलेला धूर धुराड्यातून जातो. या वाटेत कोठेही अडथळा आला किंवा भलत्याच ठिकाणी भोक पडले, तर सगळे गणित बिघडते.

जाळीपासून हंड्याच्या बुडापर्यंत १५ ते २० सें.मी. अंतर असावे. ते कमी असेल तर ज्वाळा पुरती जळण्याआधीच थंड बुडाला लागते आणि काजळी धरते. जास्त असेल तर उष्णता भिंतीत जाते. हंडा व भिंत यांत चोहोबाजूंनी एक बोट जागा मोकळी ठेवावी. अनेक ठिकाणी हंडा वरच्या कडेपर्यंत मातीत घट्ट लिंपलेला दिसतो. त्यामुळे फक्त बूड तापते आणि बाजू कोऱ्या राहतात.

रोजची व आठवड्याची कामे

रोज चुलाण पेटवण्याआधी जाळीखालची राख काढावी. राख जाळीला टेकू लागली की वारा अडतो आणि जाळीच्या सळया खालूनही तापून वाकतात. ज्यांची जाळी दर वर्षी वाकते त्यांनी लोहाराला दोष देण्यापूर्वी राखेचा कप्पा पाहावा. जाळीच्या फटींत अडकलेले कोळसे सळईने खाली पाडावेत. महिन्यातून एकदा जाळी उलटी करून बसवल्यास ती बरीच जास्त टिकते.

काढलेली राख प्लास्टिकच्या घमेल्यात, गोणीत किंवा शेणखताच्या ढिगावर तशीच टाकू नये. राखेच्या पोटात निखारा दडून राहतो आणि दुसऱ्या दिवशीही तो जिवंत असू शकतो. पत्र्याच्या जुन्या डब्यात राख भरावी, वर झाकण ठेवावे, डबा भिंतीपासून व लाकडापासून दूर दगडावर ठेवावा आणि दोन दिवसांनी रिकामा करावा. पेंढ्याच्या उडव्या पेटण्याचे कारण शोधताना लोक विडीचा संशय घेतात, राखेचा घेत नाहीत.

आठवड्यातून एकदा हंड्याचे बूड व बाजू नारळाच्या सोडणाने घासून काजळी काढावी. काजळी उष्णता अडवते. पुष्कळ घरांत बुडाला मातीचा लेप देण्याची चाल आहे. राखेचा अगदी पातळ लेप दिल्यास काजळी सहज निघते, त्यास हरकत नाही. पण जुना न काढता लेपावर लेप चढत गेला, तर हंड्याने मातीची गोधडी पांघरल्यासारखे होते.

याच दिवशी भिंतीच्या भेगा पाहाव्यात. चुलाण पेटलेले असताना जळती उदबत्ती भिंतीजवळून फिरवावी. जेथे तिचा धूर आत ओढला जातो तेथे भेग आहे असे समजावे. भेग नुसती वरून लिंपू नये. खिळ्याने ती थोडी रुंद करावी, पाण्याने ओली करावी आणि माती आत दाबून भरावी. माती तयार करताना वारुळाची किंवा नदीकाठची चिकण माती दोन भाग आणि बारीक वाळू किंवा भाताचे तूस एक भाग घ्यावे, त्यात थोडे शेण घालून मळावे व मिश्रण रात्रभर मुरू द्यावे. सावलीत दोन दिवस वाळवून मग लहान जाळ करावा. एकदम मोठा जाळ केल्यास ओल वाफ होऊन बाहेर पडते आणि लिंपण सुटते.

खाडीकाठच्या बांधवांसाठी येथे खास सूचना आहे. खारवटातील माती चुलाणाला वापरू नये. तिच्यातील क्षार हवेतील ओल ओढून घेतात आणि पापुद्रे सुटतात. तसेच आतल्या बाजूस सिमेंटचा गिलावा करू नये. साधे सिमेंट जाळाच्या उष्णतेला टिकत नाही, त्याला तडे जातात व खपल्या पडतात. बाहेरून केला तर चालेल, आतून मात्र मातीच हवी.

धुराडे

सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे आणि सर्वांत जास्त धोकाही यातच आहे.

लाकूड पुरते जळले की धूर पातळ व निळसर दिसतो, किंवा दिसतही नाही. ओले लाकूड, कमी हवा किंवा चुलाणाच्या तोंडात कोंबलेले जळण यांमुळे अर्धवट जळालेला दाट पांढरा वा पिवळट धूर निघतो. हा धूर थंड नळाला लागला की काळा, चिकट, डांबरासारखा थर बसतो. पहिल्या महिन्यात तो कागदाइतका असतो. पुढे तो वाढत जाऊन नळाची आतली वाट अरुंद करतो. मग धूर तोंडातून बाहेर येऊ लागतो, डोळे चुरचुरतात आणि घरातली बाई फुंकणी घेऊन बसते. फुंकणीची रोज गरज पडणे हीच धुराडे तुंबल्याची पहिली खूण आहे, असे आम्ही समजतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हा डांबरी थर स्वतः जळतो. एखाद्या दिवशी झावळ्यांचा किंवा करवंट्यांचा मोठा जाळ केला की नळाच्या आतच आग लागते. घोंघावल्यासारखा आवाज येतो, नळ लाल होतो आणि वरून ठिणग्या उडतात. जवळ पेंढ्याची उडवी किंवा झापांचा मांडव असला तर पुढे काय होते ते सांगायला नको. अशा वेळी नळात वरून पाणी ओतू नये. तापलेला नळ फुटतो आणि अंगावर वाफ येते. चुलाणाचे तोंड व राखेचा कप्पा ओल्या गोणपाटाने किंवा पत्र्याने बंद करावा. हवा थांबली की आग बसते. माणसांना दूर करून पेंढ्यावर व छपरावर पाणी मारावे.

साफसफाईसाठी काही विकत आणावे लागत नाही. काथ्याच्या दोरीच्या मध्यावर सोडणाचा किंवा खराट्याच्या हिरांचा घट्ट गोळा बांधावा. गोळा नळाच्या आतील रुंदीपेक्षा किंचित मोठा असावा. दोरीच्या खालच्या टोकाला मूठभर आकाराचा दगड बांधून दोरी वरून आत सोडावी आणि चारसहा वेळा वरखाली ओढावी. नळाच्या तळाशी काजळी काढण्यासाठी झाकणाचे तोंड ठेवलेले असले तर ही काजळी सहज निघते. नसले तर पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ते जरूर ठेवावे. काम थंड चुलाणावर, तोंडाला फडके बांधून करावे. पत्र्याच्या छपरावर चढू नये. शिडी भिंतीला टेकवून दुसऱ्या माणसाने ती धरावी.

वाळलेले लाकूड वापरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा, तर ओलसर लाकूड, झावळ्या व सोडणे वापरणाऱ्यांनी दर पंधरा दिवसांनी धुराडे साफ करावे. पावसाळ्याचे चार महिने सर्वांनीच पंधरवड्याचा नेम ठेवावा. जुन्या चुलींना सिमेंट-अ‍ॅसबेस्टॉसचे नळ बसवलेले आढळतात. त्यांना तारेच्या ब्रशने घासू नये व ते करवतीने कापू नयेत. त्यांतील बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर घातक ठरतात. असा नळ बदलण्याची वेळ आली की पत्र्याचा किंवा भाजक्या मातीचा नळ घ्यावा. नळ छपराच्या वर निदान ६० सें.मी. निघावा आणि त्यावर पावसाचे पाणी अडवणारी टोपी असावी.

धुराडे स्वच्छ असूनही थंडीच्या दिवसांत सकाळी धूर उलटा येतो, अशी तक्रार काही जण करतात. रात्रभरात नळातील हवा थंड व जड झालेली असते, ती वर चढत नाही. पेटवण्यापूर्वी मूठभर वाळला पाला किंवा कागद पेटवून धुराड्याच्या आतील तोंडाशी धरावा. नळ गरम झाला की ओढ सुरू होते.

बंबाची निगा

बंबाचे तत्त्व चुलाणापेक्षा निराळे आहे. मध्ये जळणाची नळी आणि भोवती पाणी असल्याने उष्णता चांगली लागते, लाकूडही बारीक व थोडे पुरते. मात्र तांब्या-पितळेचे सांधे डाग देऊन जोडलेले असतात आणि ते फार तापल्यास सुटतात. यासाठी पाणी भरल्याशिवाय बंब कधीही पेटवू नये. तोटी खालच्या बाजूस असलेल्या बंबात हा धोका जास्त आहे, कारण पाणी काढता काढता आतली पातळी उतरते आणि नळी कोरडी तापते. जितके गरम पाणी काढाल तितके थंड पाणी लगेच घालावे.

बंबाचे पाणी भरण्याचे नरसाळे किंवा वरची वाफेची वाट कधीही बुच मारून बंद करू नये. पाणी लवकर उकळावे म्हणून फडके कोंबणारे लोक आहेत. वाफेला वाट नसलेले भांडे फुटते, मग ते तांब्याचे असो की लोखंडाचे.

नळीतील काजळी आठवड्यातून एकदा काठीला सोडण बांधून काढावी. आतल्या बाजूस साचणारे क्षार मात्र दिसत नाहीत. विहिरीच्या पाण्यापेक्षा बोअरच्या पाण्याने ते लवकर धरतात. पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागू लागला आणि आतून तडतड आवाज येऊ लागला की क्षार साचले असे ओळखावे. किलोभर चिंच पाण्यात कोळून, गाळून ते पाणी थंड बंबात भरावे व रात्रभर ठेवून सकाळी दोनतीन वेळा धुवावे. थर जाड असल्यास हेच पुन्हा करावे. फरशी धुण्याचे तेजाब वापरू नये. त्याने थर जाईल, पण सांधेही जातील. गळती लागल्यास तांबटाकडून डाग द्यावा. एम-सीलसारखा लेप जाळाच्या बाजूस टिकत नाही.

थंडीत किंवा पावसात पेटता बंब न्हाणीत नेऊन दार लावून घेण्याची सवय सोडावी. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्याला आधी चक्कर व झापड येते आणि मदतीला हाक मारण्याचीही शुद्ध राहत नाही. बंब बाहेरच ठेवावा व पाणी बादलीने आत न्यावे. त्यावेळी लहान मुले वाटेत नाहीत हे पाहावे.

जळण

निम्मी देखभाल चुलाणाची आणि निम्मी जळणाची, असे म्हटले तरी चालेल. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. एक किलो ओल्या लाकडात अर्धा किलो सुके लाकूड व अर्धा लिटर पाणी धरू. अर्धा किलो पूर्ण कोरड्या लाकडाची उष्णता साधारण २,२५० किलोकॅलरी. त्यातली ३०० किलोकॅलरी त्याच्यातलेच पाणी वाफ करून उडवण्यात जाते, म्हणजे सातवा हिस्सा गेला. पण खरे नुकसान या हिशोबात येत नाही. वाफेमुळे जाळ थंड पडतो, लाकडातून निघालेला वायू न जळताच धुराड्यातून निघून जातो आणि वाटेत डांबर सोडून जातो.

पनवेल भागात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. जूनमध्ये लाकूड वाळवू म्हणणाऱ्याचे लाकूड दिवाळीपर्यंत वाळत नाही. म्हणून मार्गशीर्ष-पौषात, भाताची मळणी उरकल्यावर लाकूड तोडावे आणि लगेच फोडावे. मनगटापेक्षा जाड ढलपी ठेवू नये. बुंधा सालीसकट तसाच पडून राहिला तर मे महिन्यातही आतून ओला असतो. फोडलेले लाकूड जमिनीपासून वीतभर उंच, दगडांवर किंवा ओंडक्यांवर, वारा खेळेल असे आडवे-उभे रचावे. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी ते पडवीत किंवा पत्र्याच्या छपराखाली हलवावे. वाळलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो, ओल्यांचा बद्द येतो. खात्री हवी असल्यास एक ढलपी खूण करून तागडीत तोलावी व दर आठवड्याला पुन्हा तोलावी. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले.

साठवलेल्या लाकडात अंधारात हात घालू नये. विंचू, फुरसे यांना अशी जागा फार आवडते. कोकणातील तांबड्या विंचवाचा दंश हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून बहुतेक रुग्ण वाचतात, पण त्यासाठी रुग्ण वेळेत दवाखान्यात पोहोचावा लागतो. उतारा, मंत्र यांत वेळ घालवू नये.

कर्नाळ्याचे जंगल १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेथून लाकूड आणता येत नाही. त्याची गरजही पडू नये. भातखाचरांच्या बांधांवर गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, लावल्यास दोन वर्षांत जळण सुरू होते. जानेवारी-फेब्रुवारीत मनगटाएवढ्या फांद्या जळणासाठी तोडाव्यात. नंतर फुटलेला कोवळा पाला चिखलणीच्या वेळी हिरवळीच्या खतासाठी मिळतो. चारसूत्री भात पद्धतीत दर आरला ३० किलो हा पाला घालण्याची शिफारस आहे. एकाच झाडापासून खाचराला खत आणि चुलाणाला जळण मिळते.

काही लाकडे मुळीच जाळू नयेत. बिब्ब्याच्या लाकडाच्या धुराने अंगावर व डोळ्यांना सूज येते. काजूच्या टरफलांतील तेल जोरात जळते खरे, पण त्याचा धूर तिखट व दाहक असतो आणि नळावर झपाट्याने थर चढतो. घरगुती चुलाणात ती घालू नयेत.

आपल्या भागात एक नवीन प्रश्न उभा राहिला आहे. पळस्पे ते न्हावा-शेवा या पट्ट्यात कंटेनर यार्ड आहेत, बांधकामेही चालू आहेत. तेथील पेट्यांच्या फळ्या, पॅलेट, सेंट्रिंगच्या प्लाय टेम्पोने स्वस्तात मिळतात आणि त्या वाळलेल्या असल्याने लोक खुशीने घेतात. यात निवड करावी. परदेशी मालाच्या पॅलेटवर छाप असतो. त्यात ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरे असतील तर लाकूड केवळ उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेले असते. ‘एमबी’ असतील तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घेऊ नये. छाप नसलेल्यांतही साध्या, कोऱ्या, रंग न लावलेल्या फळ्याच घ्याव्यात. प्लायवूड, सनमायका, रंगवलेले किंवा तेलाने माखलेले लाकूड जाळू नये. त्यांतील डिंक व रंग यांचा धूर विषारी असतो आणि राखेत शिसे उतरू शकते.

पावसापूर्वीची तयारी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अर्धा दिवस या कामाला द्यावा. चुलाणावरचे छप्पर पत्र्याचे असावे, झापांचे नको. धुराड्याभोवतीचा पत्रा व नळ यांतील फट बंद करावी, नाहीतर पागोळीचे पाणी नळाच्या कडेने उतरून मागची भिंत विरघळवते. चुलाणाचा ओटा जमिनीपासून वीतभर तरी उंच हवा. भोवती चर काढून पाण्याला उतार द्यावा. पेंढ्याची उडवी चुलाणापासून निदान पन्नास फूट लांब आणि वाऱ्याच्या दिशेत नसेल अशी रचावी. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, तर थंडीत सकाळी तो बहुधा जमिनीकडून, पूर्वेच्या अंगाने वाहतो. पेंढा घरी येतो तो थंडीच्या तोंडावर, तेव्हा दोन्ही वारे ध्यानात धरून जागा निवडावी.

राखेचा उपयोग

लाकडाच्या राखेत पालाश व भरपूर चुना असतो. नत्र जळून गेलेले असते. जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत भाजीपाला, केळी व नारळाच्या आळ्यात ही राख चांगली मानवते. दर चौरस मीटरला १०० ते १५० ग्रॅम पुरे. खारजमिनीत मात्र घालू नये, तेथे आधीच क्षार जास्त आहेत. युरिया किंवा अमोनियम सल्फेटमध्ये राख मिसळून टाकू नये, नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. पावसात भिजलेल्या राखेतील पालाश वाहून गेलेला असतो, म्हणून राख कोरडी साठवावी. वालाच्या बियाण्याला भुंगा लागू नये म्हणून चाळलेली कोरडी राख चोळून ठेवण्याची जुनी रीतही उपयोगी आहे.

चारसूत्रीतील पहिल्या सूत्राप्रमाणे भाताच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो काळी राख मिसळतात, ती भाताच्या तुसाची असते. तिच्यातून रोपांना सिलिका मिळते. चुलाणातील लाकडाची पांढरी राख तिच्या जागी त्याच प्रमाणात वापरू नये, ती फार अल्कधर्मी असल्याने रोपे पिवळी पडतात.

पॅलेटच्या फळ्या जाळणाऱ्यांनी राख शेतात नेण्यापूर्वी बारीक जाळीच्या चाळणीने चाळलीच पाहिजे. एका पॅलेटमध्ये पाचपन्नास खिळे सहज असतात. ते आगीत जळत नाहीत, राखेबरोबर रोपवाटिकेत जातात आणि लावणीच्या वेळी चिखलात अनवाणी उतरलेल्या माणसाच्या पायात किंवा बैलाच्या खुरात घुसतात. चाळून झाल्यावर जुन्या स्पीकरमधील लोहचुंबक दोरीला बांधून राखेतून एकदा फिरवावा. खिळे डब्यात जमवून भंगारवाल्याला द्यावेत. तरीही पायात खिळा गेलाच तर जखम वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.